बूट घालताना ते म्हणाले होते

सेक्टर ६, भिलाई
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप पुंडलिक भाऊजींना,
वंदनाचा नमस्कार. तुमसरला थंडी ओसरली असेल. आईंचे गुडघे कसे आहेत? नीतूची बारावीची परीक्षा तोंडावर आली आहे. अभ्यास कमी आणि मोबाईल जास्त चालतो, पण हल्ली ती सकाळचा चहा करून देते, म्हणून मीही फार बोलत नाही.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वंदना, तू चर्चमधी जाऊन राहिली म्हणते लोकं. खरं हाय का? असं असल तर वर्षश्राद्धाले मी त्या घरी येनार नाही." मी मध्येच फोन ठेवून दिला. चुकलंच माझं.

खरं आहे, भाऊजी. शेजारच्या कांताबाईंबरोबर दर रविवारी जाते. नाव बदललं नाही, घरात दिवाही लावते. कोणी फूस लावली असं समजू नका. हे गेल्यावर कितीतरी महिने मी फर्स्ट शिफ्टच्या वेळेला डबा भरत होते. झाकण लावलं की कळायचं, न्यायला माणूस नाही. मग ओट्याशी नुसती उभी राहायची. एकदा कांताबाईंनी पाहिलं. समजूत घालत बसल्या नाहीत. डबा उघडला आणि म्हणाल्या, चला, दोघी खाऊ. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले.

तिथे मी जे सांगितलं, ते तुम्हाला अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही सगळे अंत्यविधीला आलात तेव्हा मी म्हणाले, ह्यांना काही त्रास नव्हता, अचानक झालं. ते खोटं होतं. त्या सकाळी बूट घालता घालता हे म्हणाले, "छाती जड लागून राहिली. आज जाऊ नको का?"

मी म्हणाले, "रात्री भजे कोणं खाल्ले? गॅस हाय तो. सुट्ट्या कावून मारता?"

हे हसले आणि निघाले. जिन्यात धपकन आवाज आला, तर मी आतूनच ओरडले, काय पाडलं आता? दार उघडायला गेलेसुद्धा नाही. शेजारचे आले तेव्हा उघडलं. हे मीच केलं, यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

चर्चमध्ये मैनाबाई नावाची म्हातारी आहे. तिला हे सांगितलं तेव्हा वाटलं, ती उठून जाईल. तिने माझे हात धरले आणि माझं नाव घेऊन येशूजवळ माझ्यासाठी क्षमा मागितली. हे गेल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. म्हणून जाते.

गेल्या रविवारी ती म्हणाली, "देवाले सांगितलं, चांगलं केलं. आता नवऱ्याच्या भावाले सांग."

म्हणून लिहिते आहे. आईंना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. यायचं नसेल तर येऊ नका, पण चर्चसाठी रागावू नका. त्या सकाळसाठी रागवा. तो राग मी ऐकून घेईन.

तुमच्या भैयालालची,
वंदना