अंबारीतल्या बेडकाचा अर्थ

सोमवार, ९ जानेवारी १९११

दुसरीच्या पोरी दुपारी पेंगत होत्या. त्यांना जागं करायला तोंडाला येईल ते बडबडले –

अंबारीत बसला बेडूक, हत्ती त्याच्या खिशात,
सांबाराला शिंक आली, पापड उडाले मिशांत!

नागरत्ना हसता हसता बाकावरून पडली! एरवी ही पोर तोंड उघडत नाही. आज – "बाई, पुन्हा! बाई, पुन्हा!"

घरी बाबांना ऐकवलं. रिसाल्यातले जुने जमादार, मिशांना पीळ दिल्याशिवाय कॉफी घेत नाहीत. खोकला लागेपर्यंत हसले.

बुधवार, ११ जानेवारी

साऱ्या शाळेला बेडकाची लागण! आमच्या हेडबाई भागीरथीबाई मला झापून गेल्या – "असले चाळे शाळेत नकोत." जिना उतरताना स्वतःच गुणगुणत होत्या. पापड उडाले...

सोमवार, १६ जानेवारी

शाळा-तपासनीस दामोदरराव आले. जरीचा पेटा, गळाबंद कोट, त्यावर भल्या थोरल्या मिशा. पोरींनी हौसेनं बेडूकच म्हणून दाखवला. टेबलाखाली साहेबांचा पाय ताल धरत होता – मी पाहिला! मग एकदम भानावर आले.

"याचा अर्थ काय?"

"काही नाही साहेब. सुम्ने, उगीच गंमत."

"सुम्ने? दसऱ्याला अंबारीत कोण बसतं? महाराज! आणि तुम्ही तिथं बेडूक बसवता? हा गादीचा अपमान! शनिवारपर्यंत अर्थ लेखी द्या. नाहीतर दुसरी नोकरी बघा."

मंगळवार, १७ जानेवारी

भागीरथीबाई म्हणाल्या, "अय्यो गिरिजाबाई, लिहा हो काहीतरी. अर्थ नाही म्हटलं की हे लोक घाबरतात."

बाबांच्या औषधापासून सगळं घर माझ्या पगारावर. बसले लिहायला. बेडूक म्हणजे जीव. अंबारी म्हणजे देह. हत्ती म्हणजे मन – खिशात, म्हणजे ताब्यात. शिंक म्हणजे वैराग्य! मिशा म्हणजे अहंकार. सांबाराचं काही केल्या जमेना, शेवटी माया करून टाकलं. लिहिता लिहिता पोट दुखेपर्यंत हसले. हे कुणाच्या गळी उतरणार?

सोमवार, २३ जानेवारी

उतरलं! दामोदररावांचे डोळे पाणावले. "केवढं गहन! आणि आम्हाला नुसता बेडूक दिसला." मिशीवर हात फिरवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला – अहंकार ना!

नोकरी राहिली. वर कविता सगळ्या मुलींच्या शाळांत लावणार म्हणे. अर्थासकट. परीक्षेला प्रश्न अर्थावरच.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

पोरींना अर्थ काही पाठ होत नाही. हसत कुणीच नाही – हसलं की अर्थ चुकतो.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "गिरिजे, ते बेडकाचं म्हण बघू." मी सुरू केलं – "अंबारीत बसला जीव..." बाबा माझ्याकडे बघतच राहिले.

शुक्रवार, ३ मार्च

परीक्षा तोंडावर. नागरत्नाला विचारलं, सांबार म्हणजे काय?

"सांबार म्हणजे सांबार, बाई!" म्हणाली आणि हसली.

तिच्या तळहातावर वळ उठलाय. छडी माझ्या हातात होती.