न पाहिलेल्या ग्रामसभेची बातमी

सावरफोंड (डिचोली),
१२ फेब्रुवारी १९९८

ती. यशवंत भावोजी आणि आक्का यांना शिवदासाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आक्काचा खोकला कसा आहे? आम्ही दोघंही बरे आहोत, म्हणजे सुमंगला बरी आहे आणि मला ती रोज सांगते की मीही बराच आहे. हरमलला यायचं दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं. त्यामागे एक हकीकत आहे. ती कोणाकडून तरी तुमच्या कानावर जाण्याआधी माझ्या हातची गेलेली बरी.

गेल्या जुलैत तुमच्या नातीचं बारसं झालं तो रविवार आठवतो ना? त्याच दिवशी सकाळी आमची ग्रामसभा होती, आणि पणजीच्या पेपरचा गावचा वार्ताहर म्हणून मी तिथं असायला हवं होतं. (शाळेतून निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं हे काम केलं. मान पुष्कळ, पेपर फुकट.) पण सभेत काय होणार ते मला आधीच ठाऊक होतं. सरपंच जयराम विकासकामांचा आढावा घेणार, लोक जांभया देणार, शेवटी चहा. म्हणून शनिवारीच बातमी लिहिली आणि संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे दिली: 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. ग्रामस्थांकडून कोणताही प्रश्न उपस्थित झाला नाही.' जाताजाता पंचायतीच्या हजेरीवहीत माझी सहीसुद्धा करून ठेवली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी तुमच्या पंगतीत मणगण्याच्या खिरीची तिसरी वाटी पुढे करत होतो आणि मन अगदी निर्धास्त होतं.

आणि नेमका त्याच सभेत प्रश्न उपस्थित झाला. माळावरची आनंदी तुम्हाला माहीत नाही. मूळची दोडामार्गाकडची. नवरा खाणीवर कामाला होता, तो वारल्यावर ती लोकांच्या शेतात राबते. माळावर अशी सात घरं आहेत. पंचवीस वर्षं झाली तरी गाव त्यांना 'भायली' म्हणतं, बाहेरची म्हणून. त्यांची विहीर खाणीच्या मातीनं तांबडी झालेली. आनंदी सभेत कधी येत नसे. त्या दिवशी आली, तांब्याभर पाणी जयरामाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "एक घोट घेवा." जयरामानं घोट घेतला नाही, तांब्याकडे बघत राहिला. मग तो म्हणाला, माळावर नळ देऊ. ठराव झाला, टाळ्या पडल्या. हे सगळं मी नंतर निदान वीस जणांकडून ऐकलं आणि प्रत्येकाच्या सांगण्यात तांब्या थोडा मोठा होत गेला.

मंगळवारी पेपर आला. दुपारी आनंदी तो घेऊन आमच्या पडवीत. तिला वाचता येत नाही. "मास्तरांनू, माझा नाव खंय असा, ता दाखवा."

भावोजी, मी काय करायला हवं होतं ते मला आज बरोबर सांगता येतं. त्या वेळी मी चष्मा लावला, पेपर हातात धरला आणि त्यात नसलेलं वाचलं. 'श्रीमती आनंदी यांनी माळावरील पाण्याचा प्रश्न तळमळीने मांडला. सभा हेलावून गेली.' तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं, तर म्हणते, "आदी तळमळीन होता, आता कळकळीन कसा झाला?" (चाळीस वर्षं मी मुलांची पाठांतरं घेतली, पण असं मला कोणी पकडलं नव्हतं.) छपाईची चूक, असं काहीतरी पुटपुटलो. तिनं पेपराची जपून घडी घातली आणि घेऊन गेली.

तिची सून शालिनी बारावी झालेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी दारात. शालिनीच्या हातात तोच पेपर होता. सुमंगलेनं चहा पुढे केला, तोही कोणी घेतला नाही. आनंदी ओरडेल असं मला वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी वाचलास ता बरा होता. ताच छापून घ्या."

मी तडक पंचायतीत गेलो. तर सेक्रेटरीनं सभेचं इतिवृत्त माझ्या बातमीवरून उतरवून घेतलेलं! त्या दिवशी गडबडीत त्यानंही काही टिपलं नव्हतं. म्हणजे ठराव नाही, नळ नाही, आनंदी सभेत आलीच नाही. मी म्हटलं, माझी बातमी खोटी आहे, मी सभेत नव्हतो. जयरामानं हजेरीवही पुढे सरकवली. "मास्तर, तुमची ही सही. आणि छापून आलेलं खोटं कसं म्हणू?"

मग पेपराला खुलासा पाठवला. तो चार ओळींत छापून आला आणि त्याच टपालानं संपादकांचं पत्र: यापुढे बातम्या पाठवू नयेत. फुकटचा पेपर येणंही बंद झालं. मी जुनी कात्रणं काढून बसलो. तीस-बत्तीस सभा, प्रत्येकीत 'कोणताही प्रश्न उपस्थित झाला नाही'. पण गंगानं एकदा स्मशानाच्या शेडबद्दल विचारलं होतं. विठूनं ट्रकांच्या धुळीबद्दल विचारलं होतं, दोनदा. तेव्हा मी तिथंच बसलो होतो, हातात पेन घेऊन. जयरामाला आवडणार नाही म्हणून लिहिलं नव्हतं. आता वाटतं, ज्यांचे प्रश्न छापून आले नाहीत त्यांनी पुढं विचारायचंच सोडलं असेल, आणि ते मला शांतता वाटली.

ऑक्टोबरच्या सभेत मागचं इतिवृत्त मंजुरीला वाचलं, तेव्हा मी उठलो. म्हटलं, मागच्या सभेला मी नव्हतो, सही आदल्या दिवशीची, बातमी बनावट, म्हणून हे इतिवृत्तही चूक. सभा पोट धरून हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, आज तरी तुमी हंय आसात मां?" मलाही हसू आलं. मग आनंदी उठली तशी लोक आपोआप थांबले. "ह्या खेपेक सावकाश सांगतंय. लिवन घेवा," ती सेक्रेटरीला म्हणाली आणि शालिनीला त्याच्या खुर्चीमागं उभी केली. तो एक ओळ लिही, शालिनी ती मोठ्यानं वाची, आनंदी मान हलवी, मग पुढची ओळ. पाऊण तास लागला. जयरामानं दोनदा घड्याळ बघितलं. ठराव मंजूर झाला आणि गेल्या महिन्यात माळावर नळ बसला. नारळ आनंदीनं फोडला.

आक्काला सांगा, मी खरंच बरा आहे.

तुमचा,
शिवदास

ता. क. – पत्रास खरं कारण असं की वार्ताहराची जागा अजून रिकामी आहे. शालिनीला घ्यावं असं मी संपादकांना लिहिलं, पण माझ्या शिफारशीला तिथं आता काय किंमत असणार? ते तुमचे म्हापशाचे वर्गमित्र. तुम्ही दोन शब्द लिहाल का? तिचं अक्षर चांगलं आहे, आणि ती सभेला जाऊन मग बातमी लिहील.

आणखी एक – तिला विचारल्याशिवाय तिच्याबद्दल लिहिणं बरं नव्हे म्हणून हे पत्र तिला वाचायला दिलं. तिनं शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि म्हणाली, "मास्तर, नळ बसला एवढंच लिहिलंत. त्याला अजून पाणी आलेलं नाही, तेही लिहा."

लिहिलं.