शेवटच्या डब्यातली सुपारी

बाबा, मी तुमच्यावर रागावले आहे. इतक्या वर्षांनी रागवावं तर माणूस समोर नाही, याचाही राग येतोय.

रविवारी लेकीला घेऊन त्या चौकात गेले होते, जिथं फॉस वे हा इंग्लंडमधला जुना रोमन रस्ता दुसऱ्या रोमन रस्त्याला छेदतो. आपला राहिलेला शेवटचा डबा तिथं होता. कॉव्हेंट्रीपासून सुरुवात करून दर रविवारी आपण त्या रस्त्याने थोडं थोडं वर सरकायचो. तुमच्या हातात ते जीपीएसचं ठोकळ्यासारखं यंत्र, आणि कुंपणाच्या मुळाशी, दगडाखाली जिओकॅशिंगच्या खेळासाठी कुणी कुणी लपवलेले डबे मी शोधतेय. डबा सापडला की आतल्या कागदावर सही करायची, आणि डब्यातलं काही घेतलं तर बदल्यात आपलं काही ठेवायचं. लोक मणी ठेवत, खेळण्यातल्या गाड्या ठेवत. तुम्ही मात्र प्रत्येक डब्यात सुपारी ठेवायचात. खायची वस्तू ठेवायची नाही असा नियम आहे, हे मी कितीदा सांगितलं, पण तुमचं उत्तर ठरलेलं, की ही खायची कुठे, हिला आपण गणपती म्हणून पुजतो. रोमनांच्या रस्त्यावर गणपती बसवत निघालेला माझा बाप, अंगात कारखान्याचं जाड जॅकेट. मला फार हसू यायचं.

मग तुमचा गुडघा दुखायला लागला. आईच्या किचनमध्ये पाय स्टुलावर ठेवून तुम्ही म्हणालात, "स्प्रिंगमध्ये जाऊ गं. तो डबा दोघांनीच उघडायचा, एकट्यानं नाही." मी हो म्हटलं. स्प्रिंग यायच्या आत तुम्ही गेलात. दुखणं गुडघ्याचं नव्हतंच, हे मला हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी कळलं. त्यानंतर मी त्या चौकाकडे फिरकले नाही. नवरा म्हणायचा, चल, एकदा जाऊन येऊ, तर मी त्याच्याशी भांडायचे. आता लेकीला शाळेत रोमनांचा इतिहास शिकवताहेत. तिने हट्ट धरला, तेव्हा कुठे पाय उचलला.

डबा तिलाच सापडला, आयव्हीच्या वेलात. "मम्मा, हा कसला नट आहे?" तिच्या तळहातावर एक जुनी, काळपट सुपारी होती. या देशात डब्यात सुपारी ठेवणारा दुसरा कोण असणार, बाबा? डब्यातल्या कागदावर तुमची सही नव्हती. माझ्या नजरेला पडू नये म्हणून तुम्ही ती केली नसणार, पण सुपारी ठेवल्याशिवाय तुम्हाला राहवलं नाही.

तिथून थेट आईकडे गेले. ती पोळ्या लाटत होती. मी विचारलं, तरी तिचा हात थांबला नाही. "मीच नेलं होतं त्यांना गाडीतून," ती म्हणाली. "तुला स्प्रिंगचं म्हणाले ना, त्याच्या आदल्याच दिवशी. डॉक्टरांनी सगळं सांगितलं होतं. तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मला." मग मी इतकी वर्षं कशासाठी थांबले, असं मी विचारलं. तिने तव्यावरची पोळी उलटली आणि जेवून जा म्हणाली.

आजार लपवलात, ते मी एक वेळ समजून घेईन. पण आदल्या दिवशी डबा उघडून आलेला माणूस माझ्यासमोर बसून दोघांनीच उघडू म्हणतो, आणि मी ते खरं धरून चालते. मला सांगितलं असतंत तर मी रडले असते, तुमच्याशी भांडलेही असते, पण त्या चौकात तुमचा हात धरून उभी राहिले असते. तो दिवस माझाही होता. तुम्ही तो मला न विचारता एकट्याने संपवलात.

हे पत्र गुंडाळून त्याच डब्यात ठेवावं म्हणून लिहायला बसले होते. आता ठेवणार नाही. तुमची सुपारी मी उचलून आणली आहे, बदल्यात काहीही न ठेवता. आणि लेक गाडीत बसून, डबा सापडल्याची फोनवर नोंद करायची आठवण करून देत होती, तेव्हा तिची नजर चुकवून मी लिहिलं, डबा सापडला नाही.