ताई दाराबाहेर आहे

३ नोव्हेंबर, मेडशी
आज मोठ्या दवाखान्यातून सुट्टी झाली आणि एसटीने थेट साक्षीताईच्या घरी आले. ताईने अंगणातच कवटाळलं. उत्कर्षभाऊजींनी माझ्यासाठी मागची खोली चुना लावून ठेवली आहे. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर. पोटभर जेवले.
निघताना डॉक्टरांनी बजावलं, गोळ्या चुकवू नको. घरची माणसं परकी वाटू लागली की लगेच दाखव. मागच्या वेळी मला आई ही आई वाटत नव्हती. आजार होता तो. यापुढे तालुक्याच्या ओपीडीत दाखवायचं, गोळ्याही तिथेच मिळतील.

११ नोव्हेंबर
ताईसोबत शेतात गेले. तूर फुलावर आली आहे. शेजारच्या गंगूबाईंनी ताईला विचारलं, पोरगी तं चांगली दिसते, दवाखान्यात कायले ठेवली होती? ताई म्हणाली, ताप येते तसा हाबी आजारच असते, मावशी. मला बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर
ओपीडीला कुलूप. डॉक्टरांची बदली झाली, नवे कधी येतील कुणालाच ठाऊक नाही. भाऊजींनी मोठ्या दवाखान्यात फोन लावला. ते म्हणाले, सुट्टी झाली, आता पेशंट तिकडचा. मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर गोळ्या देईना. डबीत थोड्याच उरल्या आहेत. अर्धी अर्धी घे, ताई म्हणाली.

२२ नोव्हेंबर
गोळ्या संपल्या. झोप नाही. भाऊजी पुन्हा जाऊन आले. कुलूपच. ताईने डोकं मांडीवर घेतलं. "भेऊ नको दीपा, मी हाओ ना."

२५ नोव्हेंबर
ताई चहा घेऊन आली. हसली. ताई अशी हसत नाही.
हा आजार आहे. मला माहीत आहे. भाऊजींना म्हटलं, मला परत दवाखान्यात न्या. उद्या जाऊ म्हणाले. उद्यापर्यंत मला हे माहीत राहील का?

२६ नोव्हेंबर
एसटीत ती माझ्या शेजारी बसली. खांदा लागला. थंड. मी ओरडत खाली उतरले. भाऊजी एकटेच गेले, गोळ्या आणतो म्हणाले. मी तिच्यासोबत घरी —

२७ नोव्हेंबर
आतून कडी लावली. ती बाहेर बसून आहे. ताईला कुठे ठेवलं विचारलं तर रडते. रडणं ताईचंच. कुठून शिकली?

२८ नोव्हेंबर
भाऊजी आले. का त्यांच्यासारखा कोणी. दाराखालून गोळ्यांची पट्टी सरकवली. नाव तेच. घेतली तर बरी होईन. पण दिली कोणी —
मग बाहेरून तिचा आवाज, थेट ताईसारखा. "दीपा, एक गोळी घे. माह्यासाठी घे."
ताई असेल तर ती रडून राह्यली आणि मी इथे — नसेल तर —
दार हलतंय. फळी निघाली. आत एक हात आला. पाण्याचा पेला धरलेला. पाणी सांडतंय. ताई, तूच असशील तर मी आत्ता गोळी घेते —