अण्णांनी दिलेलं वाक्य

वडवणी, मंगळवार

प्रिय उज्मा,

दोनदा तुला फोन लावला आणि तो लागायच्या आत मीच कट केला. शेवटी शाळेच्या वहीचे कागद फाडून लिहायला बसले आहे. तीस तारखेला माझ्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमाला तू निजामाबादहून येणार आहेस, माइकवर माझ्याबद्दल बोलणार आहेस. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. वाचून झाल्यावर यायचं की नाही, आणि मला मैत्रीण म्हणायचं की नाही, हे तूच ठरव.  

तुझ्या तौसीफनं सांगितलेल्या कामातून हे निघालं. त्याला काही बोलू नकोस, त्या पोराचा यात काडीचा दोष नाही. त्याच्या एम.ए.च्या अभ्यासासाठी त्याला आपल्या बीडकडची माणसं इंग्रजी शब्दांना मराठी क्रियापदांच्या जोड्या कशा लावतात ते हवं होतं. चार्ज करणे आणि चार्ज होणे, फोन लावणे आणि फोन लागणे, असं. मावशी, प्रत्येक जोडीला वाक्य पाहिजे आणि ते सांगणाऱ्याच्या आयुष्यात खरंच घडलेलं पाहिजे, बनवलेलं वाक्य चालणार नाही, असं त्यानं बजावलं होतं. खाली नाव आणि वय. मला वाटलं, पस्तीस वर्षं पोरांना 'वाक्यात उपयोग करा' सांगत आले, मला काय अवघड आहे!

आणि खरं सांगू, सुरुवातीला फार मजा आली. आठवडी बाजारात वही घेऊन फिरले. टमटमवाला बंकट म्हणाला, "लिहा बाई, म्या ब्रेक मारला पर ब्रेक लागला न्हाई, आन् टमटम रसवंतीत गेली." भाजीवाली चतुराबाई दवाखान्यातून आलेली, ती म्हणाली, "आठाला नंबर लावला, दोनाला नंबर लागला, तवर ताप कटाळून गेला." विमलबाईंनी तर नातवानं मोबाईल हँग केला की आपोआप हँग झाला यावर सुनेशी माझ्यादेखत भांडण काढलं. मी हसून हसून बेजार. तुला रोज रात्री फोनवर वाचून दाखवायचे, आठवतंय ना? तू म्हणालीस, सत्या, तू रिटायर झालीस की हेच कर. ते वाक्यही मी वहीत लिहून ठेवलं, तुझं नाव आणि वय घालून.

शनिवारी दुपारी अण्णांना विचारलं. अण्णा आता चौऱ्याऐंशीचे. कान शाबूत, दात गेले. सुपात शेंगा घेऊन फोडत बसले होते, स्वतःला खाता येत नाहीत म्हणून माझ्यासाठी. तुला आठवत असेल, गावातलं पोस्ट आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच होतं आणि अण्णाच पोस्टमास्तर. म्हणून मी म्हटलं, अण्णा, तुमच्या कामातला शब्द सांगा. ते म्हणाले, रिटर्न. मी म्हटलं, रिटर्न होणे. त्यांनी एका फौजीचं सांगितलं, त्याची बायको गाव सोडून गेली आणि त्याची तीन पत्रं रिटर्न झाली. बरं, आता रिटर्न करणे. खरं घडलेलंच हं अण्णा, मीच वर दम दिला.

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि बाजारभाव सांगावा तशा आवाजात म्हणाले, "सत्याचा नंबर लागावा म्हून मैनुद्दीनच्या पोरीचा कॉल म्या रिटर्न केला. लिही. वय चौऱ्याऐंशी."

मी लिहीत होते गं. बोलण्याच्या ओघात 'मैनुद्दीनच्या पोरीचा कॉल' इथवर पेन गेलं आणि मग हे डोक्यात शिरलं. मैनुद्दीनची पोरगी म्हणजे तू. कॉल म्हणजे डी.एड.च्या प्रवेशाचं बोलावणं. मला वाटलं म्हातारपणानं काहीतरी घोळ घालतायत. पुन्हा विचारलं, तर त्यांना पाकिटावरची ओळसुद्धा पाठ. पत्त्यावर राहत नाही. असं लिहिलं होतं त्यांनी. पोस्टाच्या खोलीपासून तुझं घर पाचवं, मधे तुमच्या अब्बांचं विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी बांधायचं दुकान, आणि पत्त्यावर राहत नाही!

मी ओरडले. उज्मा, मी बापावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. सूप उडालं, घरभर दाणे झाले. शेजारची वनमाला धावत आली, तिला मी दारातूनच परत पाठवलं. अण्णा मात्र माझ्याकडे असे बघत होते की त्यांनाच काही कळेना. खरं सांग म्हणालीस, सांगितलं. कुणी विचारलंच न्हाई इतकी सालं, म्हणाले.

पंच्याऐंशी सालचे ते दिवस तेव्हापासून डोळ्यांपुढून हलत नाहीत. आपण दोघींनी फॉर्म एकाच दिवशी भरले. तुझे माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त, मराठीत तर तू केंद्रात पहिली. तुझं नाव यादीत होतं आणि मी वेटिंगवर पहिली. तू तीन आठवडे रोज पोस्टात यायचीस, उंबऱ्याबाहेर चप्पल काढून. माझं काय आलं का, म्हणायचीस. आणि आत बसलेली मी, हसत हसत सांगायचे, नाही गं बाई, येईल. कॉल आला तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही, असा शब्द मैनुद्दीनचाचांनी तुला दिला होता. मग मला वेटिंगवरून बोलावणं आलं, आणि दिवाळीच्या आत तुझा निकाह झाला. मी हॉस्टेलला निघाले तेव्हा तू स्वतः शिवलेली निळी पिशवी मला दिलीस. एकीचा तरी नंबर लागला, म्हणालीस. तुझ्या डोळ्यात पाणी नव्हतं. मी रडत होते आणि तू माझे डोळे पुसलेस.

मी अण्णांना विचारलं, का केलंत? त्यांनी माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं. पोलिओच्या पायाकडे त्यांनी कधी असं उघड पाहिलं नव्हतं. म्हणाले, तिचं लगीन ठरत व्हतं, तुला बघाय कोण येत व्हतं? मी मेल्यावर तू कुणाच्या दारात बसली असतीस?  मला त्यांचा संताप येतो आणि त्याच वेळी कीवही येते. ह्या पायानं मी शाळेत उभी राहिले, स्वतःचं घर केलं, कुणाच्या दारात बसले नाही. आणि ते सगळं तुझं होतं. तू चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून काढलीस, लोकांचे ब्लाउज शिवलेस, पोराला शिकवलंस, आणि मी तुला फोनवर म्हणायचे, तू शिक्षिका झाली असतीस तर माझ्यापेक्षा चांगली झाली असतीस. केवढी निर्लज्ज शाबासकी!

रविवारी मी अण्णांना सांगितलं, मी उज्माला लिहिणार. वाटलं, अडवतील. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाले, लिही, पर माजं नाव लिही, तुजं नगं. मी म्हटलं, माझं नाव कशाला येईल यात? तेव्हा ते बोलून गेले. संध्याकाळी टपालाची थैली भरायच्या आधी शिक्के मारायचं काम माझं असायचं, बसून करता येतं म्हणून त्यांनीच शिकवलेलं. तुझा कॉल परत धाडला त्या दिवशी त्यांनी पाकिटं पालथी करून माझ्यापुढे सरकवली आणि मी नेहमीसारखे धडाधड शिक्के मारले. तुझ्या पाकिटावरचा शिक्का माझ्या हातचा आहे. ते उलटून बघणं माझ्या हातात होतं, आणि त्या वर्षी तरी, तू रोज दारात येत असताना, मी प्रत्येक पाकीट उलटून बघायला हवं होतं. अण्णा म्हणतात, तुला ठाऊक नव्हतं, तू त्यात नाहीस. त्यांनी हा शेवटचा आडोसाही मला देऊन पाहिला. म्हणूनच हे पत्र. फोनवर मी त्या आडोशामागे लपले असते, आणि तीस तारखेला तुझ्या हातून हारही घालून घेतला असता. अण्णा सकाळी नऊनंतर अंगणात बसतात, तुला काय विचारायचं ते त्यांना विचार, मी मधे बोलणार नाही. नाव फक्त त्यांचं लिही म्हणाले होते. मी दोघांचं लिहिलं आहे.

तुझीच, असं अजून लिहू देशील तर,
सत्यशीला