शहाळ्याचा चमचा

अंबरनाथ पश्चिम
गुरुवार, ४ फेब्रुवारी १९९३

काल आमच्या सुमीच्या घशातली श्वासाची नळी काढली. नीट गिळता येईपर्यंत तोंडाने थेंबही द्यायचा नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आज घोगऱ्या आवाजात ती "बाबा, पाणी" म्हणाली, आणि मी शहाळ्याचं पाणी पाजलं. एकच चमचा. पाणीच तर! ठसका लागला, ओठ निळे पडले. सिस्टर धावल्या म्हणून वाचली पोर.

मग सिस्टर नळावरून आलेल्या बायकोवर खेकसल्या, "सांगितलेलं कळत नाही तुम्हाला?" ती खाली मान घालून ऐकत राहिली. चमचा माझ्या खिशात. इतका कसा भित्रा मी?

मी घरी निघालो तर बायको हळूच म्हणाली, "अहो, तो चमचा उद्या आणू नका."