निनावी पत्रकाला लावलेली हळद

बुकित तिमाह, गुरुवार दुपार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी सांगते ते व्यायाम करतोस ना? आम्ही तिघं ठणठणीत आहोत. (हे खोटं झालं. निहारिका ठणठणीत आहे, प्रसन्न मोजकंच बोलतो आणि मला सोमवारपासून जेवण जात नाही.)

निहारिकाला शाळेत प्रकल्प होता: अमेरिका स्वतंत्र होण्याच्या सुमारास तिथे निघणारी पत्रकं. थोडी पानं, स्वस्त छपाई, बहुतेकदा लेखकाचं नाव नाही. गुत्त्यात एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी भांडायचं. सुखवस्तू वकीलसुद्धा स्वतःला शेतकरी म्हणवून लिहीत. तिला मदत करता करता मीच पेटले. आमच्या कॉन्डोच्या समितीने फाटकाजवळचा बाक नुकताच काढला होता. स्कूलबसची वाट बघत घरकामाच्या बायका त्यावर बसायच्या, ते 'बरं दिसत नाही' म्हणून. प्रसन्न समितीचा सचिव. त्याला विचारलं तर म्हणाला, "विभा, बहुमताने ठरलंय." मग मी 'एक रहिवासी' या नावाने दोन पानं लिहिली आणि भर दुपारी चौसष्ट दारांखालून सरकवली. (बाक बारा वर्षं होता असं लिहिलं, प्रत्यक्षात अकरा निघाली. दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्रही सरकवलं.)

घोटाळा वेगळाच झाला. पहिल्या प्रतीच्या चारी कोपऱ्यांना मी हळद लावली होती. आपल्या घरातून छापलेलं काही हळदीशिवाय बाहेर पडलंय का कधी? ती प्रत देवापुढे ठेवायची, ती गठ्ठ्यात गेली आणि नेमकी अध्यक्षबाईंच्या दाराखाली. त्यांनी ठरवलं, हे करीचे डाग. म्हणजे सिक्युरिटीचा मुरुगेश. तो डबा टेबलावरच खातो, शिवाय त्या बायकांना स्वतःची खुर्ची देतो. सोमवारी त्याला सांगितलं, तुला ठेवायचं की नाही ते गुरुवारच्या बैठकीत ठरेल. सीमेपलीकडच्या जोहोरहून पहाटे चारला निघून येतो रे तो. मला म्हणाला, "मॅडम, करी कुठली? मी रोज दहीभात आणतो."

तेव्हापासून रोज ठरवते, प्रसन्नला सांगायचं. जेवताना तो म्हणतो, "भाषा चांगली आहे, पण लिहिणारा भित्रा आहे." मी आमटी वाढते. नाव लपवून मी विचार पुढे केला की मुरुगेशला? यावर डायरीत चार पानं लिहिली. उत्तर एका ओळीत मावलं असतं. आज सहाच्या बैठकीत उठून सांगणार आहे. प्रसन्नची चारचौघांत मान खाली जाईल, तीही माझ्यामुळे.

तुझी,
विभा

ता. क. बैठक झाली. मी उठले. तोंड उघडायच्या आत प्रसन्न म्हणाला, "ती करी नाही, हळद आहे. आमच्या घरातली." मग मीही, लिहिणारी मीच, असं सांगितलं. त्याने सचिवपद सोडलं. मुरुगेशची नोकरी राहिली. बाक नाही. "तीन दिवस तुझ्या बोलण्याची वाट बघत होतो," एवढंच घरी म्हणाला. निहारिका इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणते, "यू टू सो ड्रामा, लाह."

ता. क. २ (शनिवार) सकाळी बेडरूमच्या दाराखालून तीन पानं आली: 'एका माजी सचिवाचं उत्तर'. सही नाही. दोन मुद्दे मला खोडता येत नाहीत. कॉलेजात माझी वादविवादाची भाषणं तू तपासायचास, म्हणून माझ्या प्रत्युत्तराचा मसुदा सोबत जोडलाय. बुधवारपर्यंत तपासून पाठव. मात्र त्याच्या तिसऱ्या पानावरचा युक्तिवाद थेट तुझ्या वळणाचा वाटतो. दादा, त्याचा मसुदा तू तपासला असशील तर तसं स्पष्ट कळव. आणि या वेळी खाली सही कर.